चौसष्ट घरांचा चेहरा

मालवणच्या किनाऱ्यापासून सावंतवाडीच्या घाटपायथ्यापर्यंतच्या आपल्या मुलुखात धडावेगळ्या मस्तकाला पूर्वापार मोठा मान आहे. दसऱ्याला अनेक गावांतून निघणाऱ्या तरंगकाठीच्या शिरोभागी, वस्त्रांच्या घोळावर, ग्रामदेवतेचा मुखवटा विराजमान झालेला असतो. जत्रांच्या हंगामात देवळापुढील मांडावर रात्रभर चालणाऱ्या दशावतारी दहीकाल्यात गणपती येतो तो मुखवटा धारण करूनच, आणि तो मुखवटा ज्या पेटाऱ्यातून बाहेर काढला जातो त्या पेटाऱ्यालाही नट मंडळी हात जोडतात. सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वराच्या मूर्तीवर मुखवटा चढवण्याचा परिपाठ आहे. आणि नरकचतुर्दशीची आदली रात्र आली की गल्लोगल्लीची मुले नरकासुराचे मस्तक कोणाचे अधिक विक्राळ, या एकाच विवंचनेत उजाडेपर्यंत जागतात. अशा प्रदेशात वाढणारी हीच मुले वर्षाचे उरलेले दिवस माइनक्राफ्ट नावाच्या ज्या खेळात तासन्‌तास रमतात, त्या खेळातही मस्तके मिळवणे, ती जतन करणे आणि घराच्या भिंतीवर वा अंगणाच्या चौथऱ्यावर मांडणे हा एक प्रतिष्ठेचा उद्योग होऊन बसला आहे, ही वार्ता त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत मात्र क्वचितच पोहोचलेली असते. ती पोहोचवावी, आणि या उद्योगाकडे केवळ कालापव्यय म्हणून न पाहता एक उदयोन्मुख कारागिरी म्हणून पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

माइनक्राफ्ट हा खेळ स्वीडनमधील मार्कस पर्सन या संगणक-कारागिराने मे २००९ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची परिपूर्ण आवृत्ती निघाली, २०१४ साली तो तयार करणारी मोजांग ही संस्था मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. या खेळातील सृष्टी, म्हणजे डोंगर, वृक्ष, वाळू, सागरतळ, सारीच ठोकळ्यांची घडलेली असते. एक ठोकळा लांबी, रुंदी व उंचीला एकेक मीटरचा धरलेला आहे. आणि खेळणाऱ्याने ते ठोकळे खणून काढावेत, साठवावेत, पुन्हा रचावेत व त्यांतून हवे ते उभारावे, एवढाच या खेळाचा गाभा आहे. सिंधुदुर्गाचा तट सुमारे ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे असे सांगतात. तो या सृष्टीत उभारायचा म्हटले तर ९ ठोकळ्यांची उंची व ४ ठोकळ्यांची रुंदी धरावी लागेल, आणि चिकाटीच्या मुलाला ते मुळीच अशक्य नाही. दिवसा बांधकाम करावे, रात्री झोंबी, सांगाडे आणि क्रीपर या नावाचे हिरवे, मुकाट्याने जवळ येऊन स्फोट पावणारे प्राणी यांपासून त्या बांधकामाचे संरक्षण करावे, असा तेथील जीवनक्रम आहे. ‘अरे, क्रीपर इलो, पळ!’ ही आरोळी आज आपल्याकडच्या माजघरांतून ऐकू येते ती यामुळेच.

मस्तकांचा समावेश या खेळात ऑक्टोबर २०१२ मध्ये झाला. तेव्हा सांगाड्याची कवटी, विदर स्केलेटन नावाच्या काळ्या सांगाड्याची कवटी, झोंबीचे मस्तक, क्रीपरचे मस्तक आणि खुद्द खेळाडूचे मस्तक अशी ५ मस्तके होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रॅगनचे आणि जून २०२३ मध्ये पिग्लिन या वराहमुखी जातीचे मस्तक त्यांत दाखल झाले. ती हाती येण्याची रीत प्रत्येकाची निराळी आहे. काळ्या सांगाड्याची कवटी त्याला मारल्यावर मिळते खरी, परंतु सरासरी ४० सांगाड्यांमागे एखादीच. तलवारीवर लूटिंगचा मंत्रसंस्कार सर्वोच्च प्रतीचा केला तर हे प्रमाण शेकडा अडीचवरून साडेपाचापर्यंत चढते, त्यापलीकडे नाही. ड्रॅगनचे मस्तक तर कोणास मारूनही मिळत नाही: ते एंड नावाच्या अखेरच्या लोकात, तेथील मनोऱ्यांच्या वस्तीजवळ अधांतरी तरंगणाऱ्या गलबताच्या नाळेवर बसवलेले असते, आणि त्या लोकाचा स्वामी जो ड्रॅगन त्याला जिंकून पुढे दूरवर मजल मारणारालाच ते काढून आणता येते.

तथापि सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत कौशल्याची, रीत आहे ती क्रीपर, झोंबी, पिग्लिन व साधा सांगाडा यांच्या मस्तकांची. यांना शस्त्राने कितीही मारले तरी मस्तक पडत नाही. ते पडते केवळ विद्युत्‌भारित क्रीपरच्या स्फोटात त्यांना मृत्यू आला तर, आणि क्रीपर भारित होतो तो त्याच्या अगदी निकट वीज कोसळली तरच. आता वीज कोसळण्याची वाट पाहत राहावे तर पर्जन्यकाळ सरून जाईल. म्हणून जाणते खेळाडू पाण्यातील झोंबींशी झुंजून एखादा त्रिशूल पैदा करतात, त्यावर चॅनेलिंग हा संस्कार करवतात, गडगडाटी वादळ येईपर्यंत दम धरतात, आणि ऐन वादळात उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या क्रीपरवर तो त्रिशूल फेकून वीज खाली ओढून घेतात. एवढ्याने काम संपत नाही. निळसर प्रभेने वेढलेल्या त्या प्राण्याला, तो आपल्यावरच फुटणार नाही इतके अंतर राखून, आधी कोंडून ठेवलेल्या झोंबीच्या शेजारी नेऊन उभे करावे लागते. आणि जावा या संगणकावरील आवृत्तीत एका स्फोटातून मस्तक मिळते ते एकच, मग भोवती कितीही झोंबी कोंडलेले असोत. अंदाज चुकला तर झोंबी, क्रीपर, त्रिशूल फेकणारा आणि जवळचे बांधकाम यांची एकदमच विल्हेवाट लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटणाऱ्या किनाऱ्यावरील मुलाला आभाळाकडे डोळे लावून बेत आखणे नवखे नाही, आणि या एका मस्तकामागे जो धीर, जी पूर्वतयारी आणि जी कार्यकारणाची जाण लागते ती पाहिल्यावर खेळ म्हणजे बुद्धीची नासाडी हा निवाडा मला तरी मान्य करवत नाही.

याच्या उलट एक सोपा मार्गही आहे. ज्या जगात चालकाने मुभा दिलेली असते तेथे एका ओळीचा हुकूम लिहिला की कोणत्याही नावाच्या खेळाडूचे मस्तक तत्क्षणी हातात येते. जावा आवृत्तीत नेहमीच्या मार्गाने खेळताना खेळाडूचे मस्तक मिळतच नाही, त्यामुळे त्यासाठी या हुकुमाखेरीज गत्यंतर नसते. बेडरॉक आवृत्तीत, म्हणजे मोबाइलवर व टॅबवर बहुतेक मुले जी खेळतात तीत, इतरांच्या चेहऱ्यांची मस्तके अशी मागवण्याची सोय नाही, हे पालकांनी मुलाच्या हट्टापूर्वीच जाणून असावे. हुकुमाने मिळालेले मस्तक शोभेला उणे नसते. पण सहा महिन्यांच्या खटपटीने मिळवलेले क्रीपरचे मस्तक ज्याच्या दारावर लागले आहे त्याच्या मित्रमंडळीतील वजन काही वेगळेच असते, आणि ते तसेच असावे. वस्तूचे मोल तिच्या प्राप्तीच्या कथेत असते, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

माझा खरा आग्रह मात्र मिळवलेल्या मस्तकांपेक्षा घडवलेल्या मस्तकांविषयी आहे. खेळाडूचा संपूर्ण पेहराव ६४ गुणिले ६४ ठिपक्यांच्या एका चित्रात सामावलेला असतो आणि त्यातील चेहऱ्याच्या वाट्याला ८ गुणिले ८, म्हणजे अवघी ६४ घरे येतात; डोक्याच्या सहाही बाजू धरल्या तरी ३८४. एवढ्या तुटपुंज्या जागेत नरकासुर कसा बसवावा? वरच्या २ ओळी मुकुटासाठी पिवळ्या कराव्यात आणि त्यांच्या मध्यभागी २ घरे माणकाची म्हणून लाल ठेवावीत. तिसऱ्या ओळीत दुसरे, तिसरे, सहावे व सातवे घर काळे केले की भुवया उमटतात. चौथ्या ओळीत दुसरे घर पांढरे व तिसरे काळे, सहावे काळे व सातवे पांढरे. बुबुळे अशी आतल्या बाजूस आणली की दृष्टी समोरच्यावर रोखलेली भासते, आणि तीच बाहेरच्या बाजूस नेली तर असुर बावळा दिसू लागतो. पाचव्या ओळीत मधली २ घरे गडद तांबडी, हे नाक. सहावी ओळ या कानापासून त्या कानापर्यंत काळी, ही मिशी, आणि नरकासुराच्या बाबतीत तिच्यात काटकसर करू नये. सातव्या ओळीत मधल्या ४ घरांचा जबडा, त्याच्या दोन टोकांची घरे पांढरी ठेवली की सुळे. उरलेली आठवी ओळ हनुवटीची. चेहऱ्यावर किंचित उंचावलेला दुसरा थर देण्याची सोय या चित्रात असते. मुकुट व मिशी त्या थरावर चढवली तर त्यांना उठाव येतो. जावा आवृत्तीत हा पेहराव आपल्या खात्यावर चढवून मग आपल्याच नावाने मस्तकाचा हुकूम काढला की हा नरकासुर हाती येतो.

ज्याने साच्यावर कागदाचे थर चिकटवून, ते वाळवून, त्यावर रंग देऊन मुखवटा केला आहे, किंवा तो करताना शेजारी बसून खळ ढवळून दिली आहे, त्या मुलाला बुबुळे कोठे ठेवावीत हे हातातून कळलेले असते. कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणाऱ्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनाही हेच ज्ञान आहे. नाटकमांडवात दहा हातांवर बसलेल्या प्रेक्षकाला लाकडाच्या एवढ्याशा डोक्यावरून हा राजा, हा राक्षस, ही स्त्री असे ओळखू यावे, यासाठी रेषा किती थोड्या व किती ठळक असाव्यात याचा हिशेब त्यांनी पिढ्यानपिढ्या केला आहे. सावंतवाडीच्या गंजिफांत दशावतारी डावाची १२० पाने असतात, आणि त्या लहानशा गोल पानांवर मत्स्य, कूर्म, वराह यांची ओळख चित्रकार मोजक्या फटकाऱ्यांत पटवून देतो. ६४ घरांची शिस्त आपल्या जिल्ह्याला परकी नाही, असे मी म्हणतो ते या आधारावर.

मस्तकांचा उपयोग केवळ मुंडकी मांडण्यापुरता असता तर त्यांचा इतका प्रसार झाला नसता. मस्तक हे ठोकळ्याच्या निम्म्या मापाचे, म्हणजे अर्ध्या मीटरचे असते, जमिनीवर ते १६ दिशांना वळवून ठेवता येते आणि भिंतीवरही टांगता येते. त्यामुळे मीटरभराच्या ठोकळ्यांनी ज्या बारीक वस्तू साधत नाहीत त्या रसिक बांधकाम करणारे मस्तकांवर रंगवून साधतात. सोललेला नारळ, लोणच्याची भरणी, आकाशकंदील, मासळीची पाटी, देवघरातील समई, या सर्वांना मस्तकाचे रूप देता येते, आणि मग ठोकळ्यांचे कौलारू घर एकाएकी नांदते दिसू लागते. ड्रॅगनच्या मस्तकाला रेडस्टोन या विद्युत्‌सदृश द्रव्याचा प्रवाह जोडला तर त्याचा जबडा उघडमीट करतो, पिग्लिनचे कान हलतात. प्राण्याचे मस्तक नोट ब्लॉकवर ठेवून तो वाजवला तर त्या प्राण्याचा आवाज निघतो. सांगाडा, झोंबी, क्रीपर वा पिग्लिन यांचे मस्तक डोक्यावर घालून फिरणाऱ्याला त्या त्या जातीचा प्राणी निम्म्या अंतरावर येईपर्यंत ओळखत नाही. काळ्या सांगाड्याच्या ३ कवट्या सोल सँडच्या ४ ठोकळ्यांवर ठेवल्या तर मात्र शोभा राहते बाजूला आणि विदर हा त्रिमुखी संहारक जागा होतो, म्हणून त्या जपून मांडाव्यात.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते. नरकासुर, राक्षस, जलचर, फळेमुळे यांची मस्तके मुलांनी निःशंक करावीत. परंतु गणपतीचा वा ग्रामदेवतेचा मुखवटा करावयाचा झाल्यास तो डोक्यावर घालून मारामारीत मिरवण्यासाठी करू नये, उंच जागी मांडण्यासाठी करावा, आणि एखाद्या दशावतार मंडळाच्या किंवा देवस्थानाच्या मुखवट्यावरून तो घेणार असाल तर त्या मंडळींची परवानगी आधी मागावी. दुसरी गोष्ट खात्याविषयीची. फुकट मस्तके देतो म्हणून खात्याचा पासवर्ड मागणारा कोणीही असो, त्याला तो देऊ नये; मस्तक मिळवण्यासाठी पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागत नाही.

ज्या शाळांत संगणकाची खोली आहे त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. कुडाळनजीक पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी उभारलेले ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय आहे. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या एकाच छपराखाली पाहावयास मिळतात. मुलांना एकदा तेथे घेऊन जावे, घाई करू नये, आणि निघताना प्रत्येकाच्या हाती चौकटींची वही व रंगीत पेन्सिली द्याव्यात.