नवा स्पीकर ‘रुळावा’ लागतो काय ?

गेल्या दिवाळीस आमच्या चिरंजीवांनीं दिवाणखान्याकरितां स्पीकरांची एक जोडी आणली. थोरल्या सूनबाई गाणें शिकलेल्या. त्यांनीं पहिल्याच सायंकाळीं नापसंती दर्शविली. गाणाऱ्या बाईंचा प्रत्येक सकार कानांस टोंचत होता. दुकानदारास कळवितांच उत्तर आलें, “यंत्र अजून नवें आहे, दोनशें तास वाजूं द्या, आवाज आपोआप मोकळा होईल.” आमच्या घरीं दिवसाकांठीं दोन तास गाणें लागतें, म्हणजे दोनशें तासांस शंभर दिवस हवेत. माल परत घेण्याची मुदत मात्र पंधरा दिवसांची ! हा हिशेब धाकट्या सूनबाईंनीं मांडला, आणि आम्हांस या विषयाचा छडा लावणें भाग पडलें.

दुकानदाराचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. स्पीकरांतील शंकु दोन ठिकाणीं तोललेला असतो. बाहेरच्या कडेस रबराची वळी असते, आणि आंत तारेच्या वेटोळ्यापाशीं राळेनें ताठ केलेलें चुण्याचुण्यांचें कापड. खळ दिलेल्या कोऱ्या धोतराप्रमाणें तें प्रथम कडक असतें. शंकु मागेंपुढें हलूं लागला कीं राळेचे सूक्ष्म सांधे सुटून तें नरम पडतें. त्यामुळें स्पीकरची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी खालीं येते. हें यंत्रानें मोजतां येतें. परंतु यांतील बहुतेक फरक पहिल्या कांहीं मिनिटांत, फार तर कांहीं तासांत उरकतो. आणि बंद पेटींत आंतल्या हवेचाच ताण मोठा असल्यामुळें तो आणखी झांकला जातो. शिवाय ही सारी गोष्ट खर्जाची. सकार टोंचण्याशीं तिचा संबंध फारसा नाहीं.

अॅम्प्लिफायर तापण्यास कांहीं मिनिटें लागतात, विशेषतः तो जुन्या पद्धतीचा, व्हाल्व्हांचा असेल तर. पण तें रोजचेंच. तारासुद्धां रुळतात असें म्हणणारे लोक आहेत. घरांतल्या दिव्यांनाही तांब्याच्याच तारेंतून वीज मिळते. तार जुनी झाल्यामुळें दिवा अधिक उजळ लागल्याचें कोणीं पाहिलें आहे काय?

आणखी एक शंका. वापरानें होणारा बदल नेहमीं चांगलाच कसा ? मिरजेचा उत्तम तंबोरा घ्या. वाजवून वाजवून घोडी झिजते, जवारी बिघडते व ती पुन्हां काढवून घ्यावी लागते. स्पीकर मात्र जो तो सुधारलाच म्हणून सांगतो ! बदलतो तो बहुधा कान. नवा चष्मा घातला म्हणजे पहिल्या दिवशीं जमीन तिरपी दिसते, आठवड्यानें सरळ होते; भिंगें तींच असतात. त्यांतून आवाजाच्या बारीक छटांची आठवण कांहीं क्षणच टिकते, मग शंभर दिवसांपूर्वींच्या आवाजाशीं तुलना कोण करणार ?

न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक असे दोन पडताळे सांगितले आहेत. कारण असतां कार्य होतें हें पाहावें, आणि कारण नसतां तें होत नाहीं हेंही पाहावें. लोक पहिल्यावरच थांबतात. आम्हीं (मास्तरकीची खोड जात नाहीं) जोडींतला एक स्पीकर खोक्यांत बंद ठेवला व दुसरा कोठीच्या खोलींत नऊ अहोरात्र वाजविला. दोनशेंच्या वर तास झाले. मग दोन्ही शेजारीं ठेवून वर चादर घातली, आवाज समान केला, आणि एकच गाणें आळीपाळीनें लावलें. आवाज सारखा करणें अगत्याचें, कारण जो किंचित् मोठा वाजतो तोच कानांस गोड लागतो. थोरल्या सूनबाई पाठ करून बसल्या. रुळलेला कोणता, असें वीस वेळां विचारलें. अकरा वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनही इतकेंच आलें असतें. सकार दोहोंचाही तसाच टोंचत होता.

तेराव्या दिवशीं जोडी परत गेली. तिच्या जागीं दुसरी आली. ती मात्र दुकानांतच बसून, घरचें गाणें तेथें लावून, सूनबाईंनीं स्वतः निवडली.