छपरावरच्या विजेचा हिशेब



घरावर सौर पॅनेल बसवले की उरलेली वीज विकून दरमहा पैसे मिळतील, असे बरेच जण धरून चालतात. तसे होत नाही, म्हणून कर्ज काढण्याआधी हिशेब समजून घ्या.

काट्यावर भरलेल्या ट्रॉलीतून रिकामीचे वजन वजा करून निव्वळ ऊस काढतात. नेट मीटरचेही तसेच. दिवसा जादा झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तिकडून घेतो, आणि वजाबाकी करून बिल निघते. आपली वीज जास्त गेली, तर ते युनिट पुढच्या बिलासाठी जमा राहतात. ३१ मार्चला जे शिल्लक उरेल त्याचाच मोबदला मिळतो, तोही वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने. हा दर आपण विकत घेतो त्या विजेपेक्षा कमी असतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

एक किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. वर्षाची बिले काढा, सरासरी बघा, तेवढाच संच घ्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदानही एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा जास्तीला ७८ हजारांवर थांबते.

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम झाले. तिथे १०२ जोडण्यांना मिळून ११२ किलोवॉटचे संच आहेत, म्हणजे जोडणीमागे जेमतेम एक किलोवॉट. खरा फायदा विकलेल्या युनिटात नाही, वाचलेल्या बिलात आहे.