फ्रॅपे फ्रेमवर्क

फ्रॅपे फ्रेमवर्क : व्यवसायाच्या नोंदी ठेवणाऱ्या व महाजालावरून वापरावयाच्या आज्ञावल्या रचण्यासाठी मुंबईच्या उपनगरात तयार झालेली पायाभूत आज्ञावली. ती मुख्यत्वे पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिलेली असून तिची मूळ संहिता एमआयटी परवान्याखाली सर्वांस खुली आहे. ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणे, विनंती करणारा कोण हे ओळखणे, त्याचा अधिकार तपासणे, विदागारात नोंद करणे व उत्तर परत पाठविणे ही कामे अशा प्रत्येक आज्ञावलीत सारखीच असतात. ती पुनःपुन्हा लिहावी लागू नयेत म्हणून जी तयार रचना वापरतात, तीस फ्रेमवर्क अथवा चौकट म्हणतात. इमारतीच्या सांगाड्याचा दृष्टांत येथे नेहमी दिला जातो. परंतु तो अपुरा आहे. सांगाडा निश्चल असतो. चौकट मात्र स्वतः चालत असते आणि विकासकाने लिहिलेले भाग तिला हव्या त्या क्षणी ती बोलावून घेते. हा उलटा क्रम ध्यानात न घेतल्यामुळे नवशिक्यांच्या पुष्कळशा चुका होतात.

इतिहास : महाजालाच्या प्रारंभीच्या काळात, १९९३ च्या सुमारास रूढ झालेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र आज्ञावली सुरू होई व उत्तर देऊन संपे. पायथॉनच्या क्षेत्रात सर्व्हर व आज्ञावली यांमधील देवाणघेवाणीचा डब्ल्यूएसजीआय हा संकेत २००३ मध्ये मांडण्यात आला. रूबी भाषेतील रेल्स ही चौकट २००४ मध्ये, तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात घडलेली जँगो ही चौकट २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण याच सुमारास मुंबईत ऋषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर-व्यवसायासाठी हिशेब व साठा यांची आज्ञावली लिहावयास घेतली. २००८ मध्ये त्यांनी वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. मूळ आज्ञावलीतील व्यवसायविषयक भाग ईआरपीनेक्स्ट म्हणून, तर त्याखालची सर्वसाधारण यंत्रणा प्रथम वेब नोट्स व पुढे फ्रॅपे या नावाने ओळखली जाऊ लागली. घाटकोपरलगतच्या विद्याविहार येथील कार्यालयातून या दोहोंचा विकास होत गेला. अंधेरीतील सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ मध्ये स्थापन झाल्यापासून उपनगरांतील संगणकतज्ञांचे बरेचसे श्रम परदेशी ग्राहकांच्या कामी लागले. येथल्याच एका लहान व्यवसायाच्या गरजेतून घडलेली व इतरांस खुली केलेली चौकट म्हणून फ्रॅपेचे स्थान निराळे आहे.

रचना : फ्रॅपेतील मध्यवर्ती कल्पना डॉकटाइप ही होय. ग्राहक, माल, विक्रीचे बिल असा नोंदींचा प्रत्येक प्रकार म्हणजे एक डॉकटाइप. त्यात कोणती क्षेत्रे असावीत, कोणते सक्तीचे, कोणते दुसऱ्या नोंदीशी जोडलेले, कोणत्या भूमिकेच्या व्यक्तीस वाचण्याचा वा बदलण्याचा अधिकार, हे सर्व वर्णनरूपाने लिहिले जाते. हे वर्णन जतन करताच चौकट मारियाडीबी विदागारात तदनुरूप कोष्टक निर्माण करते. पडद्यावरचा नमुना, यादी व बाहेरून वापरावयाची सोयही त्याच वर्णनावरून सिद्ध होते. नवशिक्यास हा चमत्कार वाटतो. वस्तुतः वर्णन हीदेखील विदागारातील एक नोंदच असते. डॉकटाइप हा स्वतः एक डॉकटाइप आहे आणि त्याची क्षेत्रे दुसऱ्या एका कोष्टकात ओळीओळीने लिहिलेली असतात. मग पहिला डॉकटाइप कोठून आला? ‘आधी कोंबडी की आधी अंडे’ या धर्तीचा हा प्रश्न चौकटीने सरळ मार्गाने सोडविला आहे. नवीन स्थळ उभारताना एका साध्या एसक्यूएल फाइलीतून ही आरंभीची मोजकी कोष्टके निर्माण केली जातात व पुढचे सर्व त्यांच्या आधारे रचले जाते.

बिलासारख्या नोंदीतील मालाच्या ओळी निराळ्या उपकोष्टकात राहतात. प्रत्येक ओळीबरोबर तिच्या मूळ नोंदीचे नाव, प्रकार व अनुक्रम लिहिलेला असतो. यामुळे एक बिल वाचणे म्हणजे विदागारास एकच प्रश्न विचारणे नव्हे. पाच उपकोष्टके असलेली दोनशे बिले एकेक करून वाचल्यास २०० × ६ म्हणजे १,२०० प्रश्न होतात. वर्षअखेरीचा अहवाल रेंगाळतो, तो पुष्कळदा या कारणाने.

विनंतीचा प्रवास : समजा, मुलुंडमधील भांड्यांच्या एका दुकानाने व अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने एकाच सर्व्हरवर आपापली स्थळे ठेवली आहेत. दुकानातून बिल जतन करण्याची विनंती निघाली, की ती प्रथम एन्जिनएक्स या द्वारपाल-आज्ञावलीकडे येते. चित्रे व तत्सम स्थिर फाइली ती स्वतःच देते. बाकीच्या विनंत्या गुनिकॉर्नने चालू ठेवलेल्या अनेक प्रक्रियांपैकी एकीकडे जातात. तेथे फ्रॅपेचे मुख्य फलन बोलावले जाते. विनंतीतील पत्त्यावरून स्थळ ठरते. त्या स्थळाच्या स्वतंत्र फोल्डरमधील फाइलीतून विदागाराचे नाव व संकेतशब्द मिळतो आणि जोडणी होते. वापरणारी व्यक्ती, तिची भाषा, विदागाराची जोडणी व विनंतीतील मजकूर ही सामग्री ‘लोकल’ नावाच्या तात्पुरत्या जागेत ठेवतात आणि उत्तर गेल्यावर ती रिकामी करतात. हे रिकामे करणे औपचारिक नव्हे. तीच प्रक्रिया पुढच्या क्षणी अंधेरीच्या कारखान्याची विनंती हाताळीत असते. विकासकाने एखादी किंमत या जागेऐवजी पायथॉनच्या सार्वत्रिक चलात ठेवली, तर एका व्यापाऱ्याची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकते. चाचणीच्या वेळी एकच स्थळ असल्याने हा दोष दिसत नाही.

यानंतर कुकीवरून व्यक्तीची ओळख पटते. ती न पटल्यास विनंती ‘पाहुणा’ या नावाने पुढे जाते. पत्त्याचा आरंभ पाहून मार्ग ठरतो. बाहेरून बोलावता येण्याजोगी फलने विकासकाने मुद्दाम तशी घोषित करावी लागतात. अघोषित फलन नावाने बोलावले, तरी चौकट नकार देते.

नोंद जतन होताना अधिकार तपासला जातो. त्याबरोबर, नोंद उघडल्यानंतर दुसऱ्या कोणी ती बदलली आहे काय, हे शेवटच्या बदलाच्या वेळेवरून पाहतात. दोन गुमास्त्यांनी एकच बिल एकाच वेळी उघडले, तर नंतर जतन करणाऱ्यास थांबविले जाते. पहिल्याचा बदल मुकाट्याने पुसला जात नाही. जोडलेल्या नोंदी अस्तित्वात आहेत की नाहीत, हे पाहून विकासकाने लिहिलेली पडताळणी चालते, सक्तीची क्षेत्रे तपासली जातात व मगच कोष्टकात लिहिले जाते. बिल मसुदा, सादर किंवा रद्द यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे ०, १ व २ या अंकांनी दर्शवितात. ईआरपीनेक्स्टमध्ये बिल सादर होताच खातेवहीत नावे-जमा नोंदी पडतात आणि बिलातूनच माल कमी करावयाचा असल्यास साठ्याची नोंदही त्याच वेळी होते.

इतके होऊनही विदागारात काहीच कायम झालेले नसते. सर्व लेखन एकाच व्यवहारात गुंफलेले असते. पोस्ट प्रकारची विनंती सुखरूप संपली, तर अखेरीस व्यवहार कायम केला जातो. मध्ये दोष उद्भवला, तर सर्वच मागे घेतले जाते. खातेवहीत नोंद झाली पण साठ्यात नाही, अशी अर्धवट स्थिती त्यामुळे टळते. गेट प्रकारची विनंती केवळ वाचण्यासाठी असल्याचे गृहीत धरून तिच्या शेवटी व्यवहार मागे घेतात. गेट विनंतीत नोंद बदलू पाहणाऱ्या विकासकाचा बदल त्यामुळे कोणतीही दोषसूचना न देता नाहीसा होतो. अशा वेळी मध्येच हाताने व्यवहार कायम करण्याचा उपाय पुष्कळजण योजतात. तो रोगापेक्षा वाईट आहे. कारण पुढे दोष आल्यास आधीचा भाग मागे घेता येत नाही आणि हिशेब कायमचा अर्धवट राहतो.

वेळखाऊ कामे रेडिस या स्मृतिसाठ्यातील रांगेत टाकली जातात व निराळ्या प्रक्रिया ती उचलतात. येथेही क्रम महत्त्वाचा ठरतो. व्यवहार कायम होण्यापूर्वी काम रांगेत गेले, तर उचलणाऱ्या प्रक्रियेस ते बिल अद्याप दिसतच नाही. अथवा बिल मागे घेतले जाते आणि ग्राहकास लघुसंदेश मात्र पोहोचतो. व्यवहारानंतरच काम रांगेत टाकण्याची सोय चौकटीत आहे. पण ती मागावी लागते.

अधिकारांबाबत एक सूक्ष्म भेद विशेष घातक आहे. नोंदींची यादी काढण्यासाठी गेट-लिस्ट व गेट-ऑल अशी दोन फलने आहेत. पहिले वापरणाऱ्याचे अधिकार पाहते. दुसरे पाहत नाही. नावांवरून हा फरक सुचत नाही व ती अधिक विचाराने निवडावयास हवी होती. बाहेरून बोलावता येणाऱ्या फलनात दुसरे वापरल्यास पगाराची यादीही कोणत्याही कर्मचाऱ्यापुढे उघडी पडू शकते. थेट एसक्यूएल लिहिणाऱ्याबाबत तर अधिकार व पडताळणी हे दोन्ही टप्पे वगळले जातात. वापरणाऱ्याने दिलेला मजकूर त्यात जसाच्या तसा जोडला, तर घुसखोरीचा मार्गही खुला होतो.

अध्ययन : चौकटीची सूत्रे पाठ करण्यापेक्षा एका विनंतीचा माग काढणे अधिक फलदायी असते. पायथॉनच्या प्रमाणित संग्रहातील डब्ल्यूएसजीआय-रेफ हा भाग वापरून थोड्या ओळींत सर्व्हर उभारता येतो. विनंतीची माहिती असलेला कोश स्वीकारून मजकूर परत देणारे एक फलन लिहिले, म्हणजे गुनिकॉर्न व फ्रॅपे यांमधील सीमारेषा स्पष्ट होते. त्यानंतर फ्रॅपेची ‘ॲप’ नावाची फाइल वाचावी. स्थळनिश्चितीपासून व्यवहार कायम करण्यापर्यंतचे टप्पे तीत बहुतांशी क्रमाने आढळतात. ‘डॉक्युमेंट’ ही मोठी फाइल मात्र आरंभी संपूर्ण वाचण्याचा हट्ट धरू नये. जतन करण्याच्या फलनापासून निघून ते बोलावीत असलेल्या फलनांचा मागोवा घ्यावा. चौकटीबरोबर येणारे रेकॉर्डर हे साधन एका विनंतीत विदागारास विचारलेले सर्व प्रश्न व प्रत्येकास लागलेला वेळ दाखविते. वर उल्लेखिलेले १,२०० प्रश्न त्यात प्रत्यक्ष पाहता येतात व तीच माहिती एकत्रित प्रश्नाने मागविल्यास संख्या किती घटते, हेही ताडून पाहता येते.