'पाहिजे' आणि 'म्हणजे' : विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतील एक भाषिक प्रश्न

मनुष्याला घटना व्यथित करीत नाही, घटनेविषयी तो करून घेतलेले मत व्यथित करते, हा एपिक्टेटसचा विचार न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून आपल्या उपचारपद्धतीच्या पायाशी घातला. पुढे १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाचे ॲरन बेक विषण्णतेच्या रुग्णांवर काम करीत असता स्वतंत्रपणे याच दिशेस आले. मुंबईचे किशोर फडके यांनी १९६८ मध्ये एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू करून ही पद्धती आपल्याकडे रुजविली. ती मराठी भाषकांवर मराठीतून योजिली जाऊ लागली, तेव्हाच ती भाषाभ्यासकांच्याही कक्षेत आली असे म्हणावयास हरकत नाही; कारण हा उपचार मुख्यतः वाक्यांवरच चालतो.

एलिस तीन गोष्टी वेगळ्या करावयास सांगतात : घटना, तिच्याविषयीची धारणा आणि भावनिक परिणाम. नंतर धारणेला आव्हान द्यावयाचे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील कोऱ्हाळे बुद्रुकचा एखादा तरुण राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत अनुत्तीर्ण झाला आहे अशी कल्पना करू. तो म्हणतो, "मी पास झालंच पाहिजे होतं. नापास झालो म्हणजे मी नालायक." अनुत्तीर्ण होणे ही घटना, घराबाहेर न पडणे हा परिणाम. या दोहोंमध्ये जे आहे ते या दोन वाक्यांत आहे.

इंग्रजीत इच्छा आणि अनिवार्यता यांस स्वतंत्र क्रियापदे आहेत. एलिस यांची सारी मांडणी या भेदावर उभी आहे. मराठीत 'मला चहा पाहिजे' आणि 'मी गेले पाहिजे' या दोहोंचे काम एकच रूप करते. 'पाहिजे' हा जुन्या कर्मणी रूपाचा अवशेष होय. मूळ अर्थ 'पाहिले जाते', म्हणजे अपेक्षिले जाते, एवढाच. त्यामुळे मराठीतील प्रत्येक 'पाहिजे' हा दुराग्रह समजणारा समुपदेशक फसेल. त्याच गावचा ऊसकरी शेतकरी "तोड वेळेवर आली पाहिजे" म्हणतो, तेव्हा तो वाजवी अपेक्षा बोलत असतो. तोड लांबली तर वजन घटते, पुढचे पीक मागे पडते. ही हानी खरी आहे, आणि ती मनाची समजूत घालून नाहीशी करणे हा उपचार नव्हे, अन्याय होय.

आग्रहाची खूण बहुधा 'च'मध्ये सापडते. 'मी पास व्हावे' या विध्यर्थात इच्छा आहे आणि ती विफल होण्यास वावही आहे. 'झालंच पाहिजे'मध्ये तो वाव उरत नाही. अर्थात 'च'वरही सरसकट बंदी घालता येणार नाही. 'तो घरीच आहे' यातील 'च' निरुपद्रवी आहे. कसोटी एकच : अपेक्षा पुरी न होण्याची शक्यता बोलणाऱ्याने मान्य केली आहे काय?

दुसरे वाक्य अधिक घातक आहे. एलिस आणि रॉबर्ट हार्पर यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथाची नवी आवृत्ती 'असणे' या अर्थाचे इंग्रजी क्रियापद टाळून लिहिली. एका कृतीवरून संपूर्ण माणसाला नाव देण्याची सोय त्या क्रियापदाने होते, असा त्यामागचा विचार होता. मराठीस ही युक्ती लागू पडत नाही. 'मी नालायक' येथे क्रियापदच नाही, तरी निवाडा पुरा झाला आहे! येथे तपासावयाचा शब्द 'म्हणजे' हा होय. तोही 'पाहिजे'च्याच कुळातला, मूळ अर्थ 'म्हटले जाते'. परीक्षेचा निकाल आणि माणसाची किंमत यांत तो समीकरण मांडतो. म्हणून प्रश्न असा विचारावा : असे कोण म्हणते, आणि कशाच्या आधारावर? (व्युत्पत्ती सांगून कोणाची विषण्णता जात नाही, हे आम्हा भाषाशास्त्रज्ञांनी विसरू नये.)

आव्हानानंतर नवे वाक्य यावे लागते : "पास व्हावे अशी माझी फार इच्छा होती, झालो नाही, याचे वाईट वाटते, पुन्हा बसता येईल." यात दुःख शिल्लक आहे, आणि ते राहावे असेच एलिस यांचे मत होते, वैफल्य व खेद यांत ते भेद करीत. मात्र नवे वाक्य वहीत लिहून भागत नाही. ते कृतीत उतरविण्यासाठी घरी करावयाचे पाठ दिले जातात. वरील तरुणास पहिला पाठ असा देता येईल : सायंकाळी पारावर जाऊन बसावे आणि कोणी विचारण्यापूर्वी आपणच सांगावे, "मी नापास झालो." तेथून लगेच उठू नये.