चौकातील प्राण्यांना परवानगी कोण देतो?

आमच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मागच्या दिवाळीनंतर एका चौकाचे सुशोभीकरण झाले. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रकरण अजून अर्जावर आहे. चौकाच्या गोलात फायबरचे जिराफ, झेब्रा, दोन हरणे आणि एक बिबट्या उभे केले आहेत. त्यांच्या पोटात रंगीत दिवे बसवले आहेत. कडेच्या फरशीवर पाय दिला की हरिण उजळते, दुसऱ्या फरशीवर उडी मारली की जिराफाची मान खालपासून वरपर्यंत निळी होत जाते. संध्याकाळी पोरांची ही गर्दी! माझी धाकटी मुलगी तासभर तिथून हलायला तयार नव्हती. "पप्पा, तुम्ही पण पाय द्या ना," म्हणून तिने मला ओढले आणि मीही पाय दिला. हरिण पेटले. आनंद झाला, हे कबूल करायला लाज कशाची?

मग डावीकडे पाहिले. चौकाच्या त्या कोपऱ्यात गेली वीस-पंचवीस वर्षे एक चर्मकार बांधव छत्रीखाली बसत असत. कोर्टात जाताना माझ्या बुटाचा तळ त्यांनी किती वेळा शिवला असेल! ती छत्री जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडमागच्या बोळात भेटले. म्हणाले, "वकीलसाहेब, कामाच्या आदल्या दिवशी गाडी आली. उठा म्हणाले, उठलो. आता इथं गिऱ्हाईक येतंय कुठं?" नोटीस मिळाली का, असे विचारले तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच ओशाळलो.

आणि याच चौकात बाबासाहेबांचा पुतळा व्हावा म्हणून आमच्या भीमनगरच्या पोरांनी दिलेला अर्ज नगर परिषदेत अनेक वर्षांपासून पडून आहे. दर वेळी उत्तर एकच, "सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे."

हा आदेश नेमका काय आहे, हे चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे, कारण तो न वाचताच आपल्या तोंडावर फेकला जातो. केरळमध्ये राष्ट्रीय महामार्गालगत एका पुतळ्याला परवानगी देण्याचा प्रश्न उपस्थित झाला होता. त्यावर १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर यापुढे पुतळा किंवा बांधकामास परवानगी देऊ नये. आदेश इथे संपत नाही. पुढे अपवाद आहे. हायमास्ट दिवे, पथदिवे, विद्युतीकरण, वाहतूक, टोल आणि रस्त्यांचा विकास व सुशोभीकरण यांना हा आदेश लागू नाही.

बघा, किल्ली या 'सुशोभीकरण' शब्दात आहे. फायबरचा जिराफ म्हणजे सुशोभीकरण. त्याच्या पोटातला दिवा म्हणजे विद्युतीकरण. त्याला ना मातीच्या नमुन्याची मंजुरी लागते, ना पोलिसांचा अभिप्राय. पुतळ्याला मात्र सगळे लागते. पालिकेचा ठराव, जागेच्या मालकीचे कागद, कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचा ना-हरकत दाखला, कायदा-सुव्यवस्थेचा अहवाल आणि देखभालीची हमी. हे लागू नये असे माझे म्हणणे नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा तपासणी किती काटेकोर हवी हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. माझा प्रश्न साधा आहे. सार्वजनिक जागा तीच, पैसा जनतेचाच, मग एका फाईलला दहा दारे आणि दुसरीला एकही नाही, हे कसे?

प्राणी, सार्वजनिक जागा आणि आपण, हे त्रिकूट काही आजचे नाही. महाडचे चवदार तळे आठवा. तिथे गुरे पाणी पीत होती, बंदी होती ती अस्पृश्य माणसाला. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि कागद कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा कुठे तो ठराव जिवंत झाला. सनातन्यांनी नंतर तळे 'शुद्ध' केले ते गोमूत्र आणि शेण टाकून! म्हणजे जनावराचे मलमूत्र पवित्र आणि माणसाचा हात अपवित्र. पुढे दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. मालमत्ता सार्वजनिक आहे आणि बंदीची 'अनादी' रूढी सिद्ध झालेली नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. चौकाच्या मालकीचा वाद निघाला की मी कनिष्ठ वकिलांना हा निकाल आधी वाचायला सांगतो.

त्याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, हे सांगितले. गावची मेलेली ढोरे ओढून नेणे हे आपल्या पूर्वजांवर लादलेले काम होते, आणि वतनाच्या नावाखाली ते सन्मानाचे म्हणून गळ्यात बांधले होते. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले, तेव्हा सुरेंद्रनगरच्या बांधवांनी मेलेली जनावरे गाड्यांत भरून थेट जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली. तुमची माता, तुम्हीच उचला. सार्वजनिक जागेतले प्राण्यांचे ते प्रदर्शन कुणी कला म्हणून गौरवले नाही. पण त्याइतका लख्ख प्रकाश पाडणारी मांडणी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मुंबईत काळा घोडा चौक आहे. तेथे मूळ पुतळा होता प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला तो पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. लोकांनी मात्र राजाकडे पाहिलेच नाही, चौकाला नाव दिले घोड्याचे. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी नाव राहिले. जानेवारी २०१७ मध्ये शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा काळा घोडा तेथे बसला. त्यावर स्वार नाही. इथे दरवर्षी फेब्रुवारीत कला महोत्सव भरतो. १९९९ पासून ही प्रथा आहे. रस्ता गाड्यांना बंद होतो, भंगारातून, लाकडातून, कापडातून केलेले प्राणी-पक्षी रस्त्यावर येतात, माणसे त्यांना हात लावतात, त्यांच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. तिकीट नाही.

पण आपल्याला त्या चौकाचे आणखी एक नाते आहे. समोरच एल्फिन्स्टन कॉलेज आहे. तरुण भीमराव याच कॉलेजात शिकून बी. ए. झाले. त्या काळात राजा घोड्यावर होता आणि खालून जाणाऱ्या त्या विद्यार्थ्याला कॉलेजातसुद्धा जात सोडत नव्हती. पुढे १९२३ पासून ते वकिली करू लागले ते उच्च न्यायालयही तिथून हाकेच्या अंतरावर. महोत्सवाला जाणाऱ्या आपल्या पोरांनी घोड्याचा फोटो जरूर काढावा, पण मान वळवून ती कॉलेजची इमारतही बघावी.

फ्रान्समधील नांत शहराचे उदाहरण तर फार बोलके आहे. बंद पडलेल्या जहाज कारखान्याच्या जागेत २००७ पासून एक प्रचंड यांत्रिक हत्ती फिरतो. बारा मीटर उंच. लोक त्याच्या पाठीवर बसतात, तो सोंडेने पाणी उडवतो, मुले किंचाळत पळतात. हे शहर एकेकाळी गुलामांच्या व्यापाराचे बंदर होते. त्याच शहराने २०१२ मध्ये नदीकाठी गुलामगिरी निर्मूलनाचे स्मारक उभारले आणि गुलाम वाहणाऱ्या जहाजांची नावे काचेच्या पट्ट्यांवर कोरून लोकांच्या पायाखालच्या जमिनीत बसवली. मुलांना हत्ती दिला म्हणून शहराने आपले पाप झाकले नाही. दोन्ही आहे, आणि दोन्ही सार्वजनिक जागेत आहे. आमच्या नगर परिषदेला हे जमणार नाही असे कुणी म्हणावे?

हत्तीवरून लखनौ आठवते. मायावतींनी बांधलेल्या आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थळावर दगडी हत्तींच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्याविरुद्ध २००९ मध्ये जनहित याचिका झाली. २०१२ च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने हे हत्ती झाकायला लावले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोंडी मत व्यक्त झाले की हा पैसा त्यांनी परत करावा. अखेर जानेवारी २०२५ मध्ये याचिका निकाली निघाली. हत्ती हे पक्षाचे चिन्ह होते, म्हणून शंका घेणे गैर नव्हते, हे मी वकील म्हणून मान्य करतो. पण हत्ती आपल्याकडे निवडणुकीतून आलेला नाही. महामायेच्या स्वप्नात तो आहे, धौलीच्या खडकात अशोकाने कोरलेला आहे, कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात हत्तींची रांगच आहे. सारनाथच्या स्तंभावर सिंहांच्या पायाशी हत्ती, बैल, घोडा आणि सिंह धम्मचक्रांच्या मधून चाललेले आहेत. ती भारताची राजमुद्रा आहे. त्याच सम्राटाने दुसऱ्या शिलालेखात रस्त्याकडेला विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे सांगितले, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. माणसाला उठवून जनावर बसवायची ही रीत नव्हती.

जाता जाता एक. आमच्या चौकातला जिराफ आफ्रिकेचा, झेब्राही तिकडचाच. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, १९८० पासून, याची त्या ठेकेदाराला कुणी कल्पना दिली नसावी. बिबट्या मात्र आपला. तो चौकात रात्रभर दिव्यात उभा असतो. खरा बिबट्या राहुरी-संगमनेरच्या उसात, अंधारात. शेतीच्या विजेची पाळी अनेक ठिकाणी अजून रात्रीचीच येते, पाणी धरायला गडी बॅटरी घेऊन जातो. फडाकडेच्या कोप्यांत ऊसतोड कामगारांची लेकरे झोपतात. या लेकरांना कुठल्या फरशीवर पाय दिला म्हणजे उजेड मिळेल?

आता कायद्याचे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये माल विकणारेच नव्हे, तर सेवा देणारेही येतात. चपला शिवणारा त्यात बसतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याला हटवता येत नाही, आणि प्रमाणपत्र असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते. आमच्या माणसाला तीस तासही मिळाले नाहीत. यासाठी मोर्चा लागत नाही, आधी कागद लागतो. आपल्याकडे मोर्चाला पाचशे माणसे येतात आणि माहितीच्या अर्जावर सही करायला पाच मिळत नाहीत, हेही बोलून टाकतो. बसवलेल्या पुतळ्याभोवती १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडला तर झाडू कोण मारतो, तेही एकदा आपण आपल्याला विचारावे.

मागच्या सोमवारी नगर परिषदेकडे दोन अर्ज दिले. एक माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. चौकाच्या कामाचा ठराव, अंदाजपत्रक, ठेकेदाराशी झालेला करार, देखभाल कोणाकडे, विजेचे बिल कोणत्या खात्यातून, आणि या कामाला कोणाकोणाची परवानगी घेतली. दुसरा अर्ज त्या चर्मकार बांधवाच्या सहीचा, जुनी जागा परत मिळण्यासाठी. सही करताना त्यांनी विचारले, "हरिण काढायला लावणार का?" मी म्हटले, "नाही मामा, हरिण राहू द्या. त्याच्या शेजारी तुमची छत्री मागतोय." पोचपावतीवर शिक्का घेतला आहे. तीस दिवसांची मुदत चालू आहे.