आकाशाकडे कान : भाग ६
दुर्बिणीचं आवर्तन

कुकडीचा डावा कालवा येडगाव धरणातून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा ओलांडत कर्जत तालुक्यात येतो. त्यामुळे मिरजगावच्या भागात 'आवर्तन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाणी कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलला पोचणार का, यावर पारावर खल होतो. पाळी रात्री दोनची आली तरी दारं धरायला उठावंच लागतं, आणि सऱ्या आधी पाडून ठेवल्या नसतील तर हाती आलेलं पाणी वाया जातं.

त्याच येडगावपासून जवळ, नारायणगावच्या पूर्वेला खोडदला एक रेडिओ दुर्बीण आहे. तिचा कारभारही थेट असाच चालतो. तिथे वाटलं जातं ते पाणी नव्हे, वेळ. आणि मागणारे जगभरातून येतात.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात, बाकीच्या १६ तीन दिशांना पांगलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते.

वर्षाची दोन आवर्तनं असतात : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. संशोधकाने अर्ज करायचा. कोणता स्रोत पाहायचा, कोणत्या वारंवारतेला, किती तास, आणि तेवढेच तास का, हे त्यात पटवून द्यायचं. अर्ज तपासून समिती वेळ देते, पण पाळी कधी लागावी हे शेवटी आकाशच ठरवतं. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याकाठी दोन तास. ऑक्टोबरात मध्यरात्री डोक्यावर असलेला स्रोत जानेवारीत संध्याकाळीच माथ्यावर येतो. रेडिओ लहरींना ढगांची अडचण नाही आणि उजेडाचीही नाही, त्यामुळे काम चोवीस तास चालतं. तरी कमी वारंवारतेवर काम करणाऱ्याला रात्रच हवी असते. दिवसा सूर्य स्वतः गोंगाट करतो आणि वातावरणाच्या वरच्या थरातला आयनांबरही जास्त अस्वस्थ असतो.

पाळीच्या आधी निरीक्षक स्रोतांची यादी आणि आज्ञांची फाइल तयार करून ठेवतो. नियंत्रण कक्षातले ऑपरेटर ती चालवतात. प्रत्येक तबकडीच्या नाभीपाशी फिरतं डोकं असतं आणि त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या वारंवारतांचे ग्राहक बसवलेले असतात. हवी ती बाजू तबकडीकडे वळवायची, सगळ्या अँटेनांच्या संदेशाची पातळी सारखी करून घ्यायची, देखभालीसाठी बंद असलेल्या अँटेना वगळायच्या. मोबाइल बंद हे ओघानेच आलं.

आणि मग हव्या त्या स्रोताकडे वळायचं? नाही. आधी पासंग तपासायचा.

त्यासाठी ज्यांचं तेज पक्कं ठाऊक आहे असे काही स्रोत आहेत. त्रिकोण तारकासमूहातला ३सी४८ हा क्वेसार त्यांपैकी एक. सगळ्या अँटेना पंधराएक मिनिटं त्याच्याकडे रोखल्या जातात. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा आलेख पडद्यावर पाहता येतो. एखाद्या अँटेनाच्या सगळ्याच जोड्या वेड्यावाकड्या दिसू लागल्या, की दोष त्या अँटेनातच आहे हे कळतं. हे आत्ताच पकडलं तर दुरुस्त होतं. सकाळी लक्षात आलं तर रात्र गेली.

त्यानंतरचा क्रम संथ आणि काटेकोर असतो. मूळ स्रोतावर अर्धा तास, मग आकाशात त्याच्या शेजारच्याच एका ठाऊक बिंदूवर पाच मिनिटं, पुन्हा मूळ स्रोत. आयनांबर आणि यंत्रणा दोन्ही हळूहळू सरकत असतात. हे सरकणं त्या पाच मिनिटांतून मोजलं जातं. शेवटी पुन्हा तेजाचा पासंग. सहा तासांच्या पाळीत खऱ्या स्रोताच्या वाट्याला जेमतेम साडेचार तास येतात. नवख्याला उरलेला दीड तास वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्याशिवाय साडेचार तासांच्या आकड्यांना काही अर्थच नसतो.

मध्येच वळीव आला, वारा वाढला, तर अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या करून ठेवतात. गेलेली पाळी परत मिळेलच असं नाही.

काही पाळ्यांना तर दुसरी संधीच नसते. १९ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी खोडदच्या अँटेना मंगळाकडे वळल्या होत्या. युरोपचं स्कियापारेली यान तिथे उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर अंतर कापून, पावणेदहा मिनिटांनी इथे पोचत होता. यान वातावरणात शिरल्याचं खोडदला त्या वेळीच कळलं. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या जरा आधी संदेश थांबला. यान कोसळलं होतं. पण त्याचा संदेश थांबेपर्यंत खोडदने टिपून ठेवला.

याच्या उलट काही कामं वर्षानुवर्षं चालतात. भारतीय पल्सार टायमिंग गटाचे संशोधक साधारण दर दोन आठवड्यांनी त्याच त्या पल्सारांकडे, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांकडे, परत येतात. अँटेनांचे गट पाडून ते एकाच वेळी दोन वारंवारता पट्ट्यांत नोंदी घेतात. या चिकाटीच्या नोंदी युरोपीय नोंदींशी जोडल्या गेल्या, आणि जून २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या चाहुलीचा पुरावा जगापुढे मांडला गेला.

पाळी संपते. ऑपरेटर पुढच्या अर्जाची फाइल लावतो आणि नियंत्रण कक्षातून दिसणाऱ्या तबकड्या एकसाथ नव्या दिशेला फिरू लागतात. नोंदी दीड वर्ष अर्जदाराकडे राहतात, नंतर सर्वांना खुल्या होतात. कर्जत तालुक्यातल्या एखाद्या मुलीलाही त्या उतरवून घेता येतील. त्या ४३५ जोड्यांच्या आकड्यांतून चित्र कसं उमटतं, ते पुढच्या भागात.