रोझ बाउलचे आमंत्रण

२४ नोव्हेंबर १९७३. अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले. हा फुटबॉल अमेरिकन, लंबगोल चेंडू हातात धरून पळण्याचा. दोन्ही संघ त्या हंगामात एकदाही हरलेले नव्हते. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि ‘बिग टेन’ या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, विजेतेपद दोघांत वाटले गेले. कॅलिफोर्नियात नववर्षाला होणाऱ्या रोझ बाउल या सामन्यातली बिग टेनची जागा मात्र वाटता येण्यासारखी नव्हती. ती एकच होती.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सच्या दहा विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केले. ओहायो स्टेट आदल्या वर्षी रोझ बाउल खेळून आले होते, म्हणून या खेपेस मिशिगनच जाणार असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. पण सामना संपत आला असताना मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, डेनिस फ्रँकलिन याचे कॉलरबोन मोडले होते. कौल ओहायो स्टेटच्या बाजूने गेला. त्या काळी बिग टेनच्या संघांना रोझ बाउलखेरीज दुसऱ्या कुठल्याही बाउलमध्ये खेळायची मुभा नव्हती, त्यामुळे अपराजित मिशिगन घरी बसले. प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांच्या मनातून हा सल कधीच गेला नाही.

मैदानावर न सुटलेला प्रश्न बंद खोलीत का सुटला, हे समजायचे तर बाउलच्या जन्माकडे जावे लागते. पॅसाडेना गावात नववर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघे. तिला गर्दी जमावी म्हणून १९०२ साली फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे इतके झोडपले की स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच हार मानली. आयोजकांनी फुटबॉल गुंडाळला आणि पुढे काही वर्षे चक्क घोड्यांच्या रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल १९१६मध्ये परतला. १९२२मध्ये ‘रोझ बाउल’ हे स्टेडियम उभे राहिले आणि ‘बाउल’, म्हणजे वाडगा, हे नाव रूढ झाले. १९३०च्या दशकात मायामी, न्यू ऑर्लिन्स, एल पासो, डॅलस या शहरांनीही तोच कित्ता गिरवला. ऐन थंडीत उबदार गावी पाहुणे यावेत, हॉटेले भरावीत, हा हेतू उघड होता. म्हणजे बाउल ही मुळात स्पर्धेची अंतिम फेरी नव्हती. ते यजमान गावाचे आमंत्रण होते, आणि ज्याच्यामागे जास्त मंडळी येतील तोच पाहुणा यजमानाला हवा असणार.

या आमंत्रणांना कराराचे रूप १९४६मध्ये आले. बिग टेन आणि पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स यांनी रोझ बाउलच्या दोन्ही जागा आपापल्या नावावर करून घेतल्या. आज जवळजवळ प्रत्येक बाउलचे असे करार आहेत. २०२४पासून आधी १२ संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी निवडले जातात. उरलेल्यांची वाटणी प्रत्येक कॉन्फरन्स ठरलेल्या क्रमाने करते, पण त्या क्रमातही गुणतक्ता सर्वस्व नसतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये २०१४पासून प्लेऑफनंतर पहिली पसंती सिट्रस बाउलची. पुढच्या सहा बाउलना संघ वाटून देण्याचे काम कॉन्फरन्सचे कार्यालयच विद्यापीठांशी आणि बाउलवाल्यांशी बोलून करते. गेल्या वर्षी कोण कुठे गेले, कोणाचे चाहते किती लांबचा प्रवास करतील, टीव्हीवर कोणती जोडी चालेल, सगळे तोलले जाते. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी तर स्वतःच डझनाहून अधिक बाउलची मालक आहे.

करार कॉन्फरन्सपेक्षाही जास्त टिकतात. २०२४मध्ये पॅसिफिक किनाऱ्याच्या त्या कॉन्फरन्सची वारस पॅक-१२ फुटली, तिचे दहा संघ चार दिशांना पांगले, तरी बाउलच्या वाटणीत ते जुन्याच घरातले धरले गेले.

पात्रतेची अट साधी आहे: १२ पैकी ६ विजय. पण बाउल इतके वाढले की पात्र संघच पुरेनात. २०१५मध्ये ८० जागा होत्या आणि पात्र संघ ७७. मग ५ विजय आणि ७ पराभव असलेल्या संघांतून, खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीच्या गुणांवर, नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट यांना बोलावले. तिघेही जिंकले, याचा मला मनापासून आनंद आहे. दोष त्या मुलांचा नव्हताच.

आमंत्रणाची किंमत मात्र पाहुण्याला मोजावी लागते. २०११च्या फिएस्टा बाउलसाठी कनेटिकट विद्यापीठावर १७,५०० तिकिटे उचलण्याचे बंधन होते. त्यांतली बहुतेक खपली नाहीत आणि तोटा विद्यापीठाच्या अंगावर आला. हे मला सरळ अन्यायाचे वाटते. ज्या सामन्याचा लाभ यजमान शहराला आणि वाहिनीला होतो, त्याच्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे शिक्षणसंस्थेने का भरावेत?

बिग टेनने १९७५पासून आपल्या इतर संघांना दुसऱ्या बाउलची दारे उघडली. डेनिस फ्रँकलिनला त्याचा उपयोग झाला नाही. १९७२ ते १९७४ या त्याच्या तीन हंगामांत मिशिगनने ३० सामने जिंकले, २ गमावले, १ बरोबरीत सोडवला, आणि त्याच्या वाट्याला एकही बाउल आला नाही.